फिश टँकचं पाणी तपासताना आकडे जोडीनं वाचा

बेळगावातल्या जुन्या गल्ल्यांत एकाच घरात तीन तऱ्हेचं पाणी सापडतं. परसात आड, दारात नळ आणि वरचा मजला चढवताना मारलेली बोअर. नळाला पाणी कमी आलं की बोअरची मोटर सुरू होते आणि सगळं गच्चीवरच्या एकाच टाकीत जाऊन मिसळतं. आपल्या आंघोळी-धुण्याचं त्यानं काही अडत नाही. हॉलमधल्या फिश टँकचं मात्र अडतं. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो, त्यातच खातो, त्यातच घाण करतो, आणि ते पाणी सोडून त्याला कुठं जाता येत नाही.

मला माशांचा नाद आहे हे गल्लीत ठाऊक असल्यामुळं पोरं विचारायला येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो.

"काका, दोन गोल्डफिश गेले की हो. पाणी तर एकदम क्लिअर हाय."

"टँक कधी लावलास?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

"आणि पाणी कुठलं घातलंस?"

"टाकीचं."

"टाकीत नळाचं होतं का बोअरचं?"

इथं पोरगा गप्प होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. टाकीत आज कुठलं पाणी आहे हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

पाणी गढूळ दिसतं ते त्यात तरंगणाऱ्या बारीक कणांमुळं. माशाला मारणाऱ्या गोष्टी मात्र पाण्यात विरघळलेल्या असतात. त्यांना रंग नसतो, आणि मासे मरण्याइतक्या प्रमाणात त्यांचा वासही येत नाही. म्हणून पाणी डोळ्यांनी तपासता येत नाही, मोजावं लागतं. बाजारात त्यासाठी टेस्ट किट मिळतात आणि हल्ली बरेच जण ते घेतातही. अडचण त्याच्या पुढची आहे. किट आकडा देतं, पण तो एकटा आकडा अनेकदा फसवतो. अमोनिया पीएचबरोबर (पाणी किती आम्ल याचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) वाचायचा, पीएच केएचबरोबर (आम्ल गिळणाऱ्या क्षारांचं माप) वाचायचा, ऑक्सिजनचा विचार तापमानाबरोबर करायचा, आणि टँकमधलं नायट्रेट आपल्या नळातल्या किंवा बोअरमधल्या नायट्रेटशी ताडून बघायचं. या जोड्या एकदा डोक्यात बसल्या की माशांच्या निम्म्याहून अधिक दुखण्यांचं मूळ घरच्या घरी सापडतं.

आधी घरातलं पाणी ओळखा

बेळगाव शहराला पाणी येतं ते मुख्यतः मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. हे पावसाचं, नदीचं पाणी. बोअरच्या मानानं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. खानापूरच्या बाजूला जांभा दगड आहे. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात क्षार साधारणपणे कमी असतात आणि ते किंचित आम्लाकडं झुकलेलं असतं. याउलट चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, असं असेल तर तुमचं पाणी जड आहे हे किटशिवायही कळतं.

"पण हे पाणी आम्ही पितोय की," असं कुणी म्हणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची, म्हणजे पाणी किती जड याची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे पिण्यालायक ठरलेल्या दोन पाण्यांत तिपटीचा किंवा त्याहून जास्त फरक असू शकतो. माणसाला तो फारसा जाणवत नाही. नाजूक मासा एका पाण्यातून दुसऱ्यात एकदम टाकला तर त्याला शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळणं जड जातं.

माझं यावर ठाम मत आहे: पाण्याला माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडावा. जड पाणी असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी सुखात राहतात. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं विहिरी-टाक्यांत गप्पी सोडतं आणि ते तिथं वर्षानुवर्षं वाढत राहतात, ते काही उगीच नव्हे. निऑन टेट्रासारखे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले मासे अथणीच्या बोअरच्या पाण्यात ठेवायचा हट्ट करू नये. रसायनं घालून पीएच खाली ओढायची आणि दोन दिवसांनी तो पुन्हा वर चढायचा, या ओढाताणीत मासे जास्त थकतात. किंचित जास्त पण स्थिर पीएच त्यांना सोसतो.

बोअरच्या पाण्याची आणखी एक खोड आहे. जमिनीतून नुकतंच वर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड बराच आणि ऑक्सिजन कमी असतो. त्यामुळं मोटर चालू असताना बादलीत धरलेल्या पाण्याचा पीएच कमी दिसतो. तेच पाणी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर ठेवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. खरा आकडा हा दुसरा. म्हणून बोअरचं पाणी दोनदा तपासायचं, काढल्या काढल्या एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा, आणि टँकमध्येही दुसऱ्या दिवशीच घालायचं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. मानकाप्रमाणं नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा, कारण त्यानंच जंतू मरतात. मात्र माशांचे कल्ले आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू या दोघांनाही तो पोळतो. आता गंमत बघा. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं ते टाकीत पडून राहतं आणि क्लोरीन आपोआप उडून जातो. बेळगावच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी येतं. तिथं नळाची पाइप थेट टँकमध्ये सोडली तर ताजा क्लोरीन सरळ माशांच्या अंगावर येतो. माणसांसाठी जी सोय मोठी, तिच्यापायी मासे पाळणाऱ्यानं जास्त काळजी घ्यायची. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन घाला. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ज्याला दुकानदार हायपो म्हणतात. १ मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतं, त्यामुळं १०० लिटरला चिमूटभर पुष्कळ झालं. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ आलं की शुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. नळाच्या पाण्याला उग्र वास येत असेल त्या दिवशी पाणी बदलूच नये.

अमोनिया: सगळ्यात महत्त्वाची जोडी

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेलं पान यांतूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टँकमध्ये साठतो. मग दोन तऱ्हेचे जिवाणू कामाला लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खडीवर, काचेवर चिकटून राहतात. नव्या टँकमध्ये ते नसतात, आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. वरच्या संवादातला टँक आठ-दहा दिवसांचा होता. तिथं पाणी क्लिअर होतं आणि अमोनिया भरपूर.

आता जोडीचा मुद्दा. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून आत शिरतो आणि मासा मारतो. दुसरं अमोनियम, जे फारसं आत शिरत नाही. घरगुती किट दोघांची बेरीज दाखवतं. त्यातलं विष किती, हे ठरतं पीएचवर, आणि थोडं तापमानावर. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर हजारातले जेमतेम ६ भाग मोकळा अमोनिया असतो. पीएच ८ झाला की सुमारे ५४ भाग. पीएच ८.५ ला सुमारे १५०. म्हणजे खानापूरच्या एखाद्या घरातल्या टँकमध्ये किटनं १ पीपीएम (म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम) अमोनिया दाखवला आणि रायबागच्या घरातल्या टँकमध्येही १ पीपीएमच दाखवला, तरी पहिल्यात पीएच ७ आणि दुसऱ्यात ८ असेल तर दुसऱ्या घरातले मासे नऊपट विषात पोहत असतात. मोकळा अमोनिया ०.०२ पीपीएमच्या आत असावा असं सर्वसाधारणपणे धरतात. रायबागच्या टँकमध्ये तो ०.०५ च्या वर गेलेला असतो.

जड पाणीवाल्यांनी यातून एवढं घ्यावं की किटवर अमोनियाची हिरवी छटा जराशी दिसली तरी ती मनावर घ्यायची. मऊ पाणीवाल्यांना थोडी उसंत मिळते, पण त्यांच्यासाठी दुसरं संकट वाढून ठेवलेलं असतं. ते समजायला केएच समजून घ्यावा लागतो.

केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप. आम्ल तयार झालं की हे क्षार ते गिळतात, त्यामुळं पीएच जागच्या जागी राहतो. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, आणि प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्ची पडते. केएचचा एक अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम क्षारता. हिशेब मांडून बघा: टँकमध्ये नायट्रेट २२ पीपीएमनं (त्यात नायट्रोजन सुमारे ५) वाढलं, की तेवढ्यात केएचचे २ अंश संपलेले असतात. मऊ पाण्यात केएच मुळात २-३ च असतो. पाणी बदलण्यात महिना-दोन महिने हयगय झाली तर तो शून्यावर येतो, आणि मग इतके दिवस हलला नसलेला पीएच काही दिवसांत ६ वर किंवा त्याहून खाली घसरतो.

इथं एक विचित्र गोष्ट घडते. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणू मंदावतात, अमोनिया साठू लागतो, पण पीएच कमी असल्यामुळं जवळजवळ सगळा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. मासे सुस्त दिसतात, मात्र जिवंत असतात. घरच्यांना वाटतं, टँक छान चाललाय. मग दिवाळीची साफसफाई निघते. निम्मं पाणी काढून त्याच्या जागी बोअरचं, पीएच ८ चं पाणी भरलं जातं. समजा आधी अमोनिया ३ पीपीएम होता. निम्मं पाणी बदलल्यावर तो १.५ झाला. पण पीएच ६ वरून ७.८ ला गेला, तर मोकळा अमोनिया कमी व्हायच्या ऐवजी सुमारे ३० पट वाढतो. संध्याकाळपर्यंत मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकू लागतात आणि सकाळी टँक रिकामा झालेला असतो. सगळे म्हणतात, "पाणी बदललं म्हणून मेले." खरं कारण, पाणी इतके दिवस बदललं नव्हतं.

असा जुना टँक हाती आला तर आधी पीएच, केएच आणि अमोनिया तिन्ही मोजा. पीएच खाली आणि अमोनिया वर असेल तर एकदम सफाई करायचा मोह आवरा. रोज दहा टक्के पाणी बदला, आठवडा-दोन आठवडे लागू देत. खाद्य अगदी कमी करा. खानापूर भागातल्या मऊ पाण्यासाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची एक छोटी पिशवी ठेवली तर ती हळूहळू विरघळून केएच टिकवते. कारवार-गोव्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले चालतात. ते नीट उकळून, धुऊन घ्यावेत.

नायट्राइटचं थोडक्यात. तो रक्तात शिरून हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतो. कल्ले लालसरऐवजी तपकिरी दिसतात आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, म्हणून नायट्राइट वाढलेलं असताना लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातलं की तातडीचा आधार मिळतो. टँकमध्ये झाडं असतील तर मात्र कमीच घाला.

नायट्रेट आणि ऊस

नायट्रेट ४० पीपीएमच्या आत ठेवावं, २० च्या आत असेल तर उत्तम. तो कमी करायचा साधा मार्ग म्हणजे पाणी बदलणं. पण कृष्णाकाठच्या, दूधगंगा-वेदगंगेच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी आधी आपली विहीर किंवा बोअर तपासावी. शेतात टाकलेल्या युरियातला नायट्रोजन पिकानं उचलला नाही तर नायट्रेट होऊन जमिनीत उतरतो. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. बोअरमध्येच ३० असेल तर दर आठवड्याला पाणी बदलूनही टँकमधलं नायट्रेट ३० च्या खाली कधी येणार नाही, आणि माणूस उगीच स्वतःला दोष देत राहील. अशा ठिकाणी टँकमध्ये पाणवनस्पती लावाव्यात, त्यांना नायट्रेट हवंच असतं. घरात लहान बाळ असेल आणि बोअरमध्ये नायट्रेट ४५ च्या वर दिसलं, तर माशांआधी बाळाच्या पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय बघा. ती तपासणी मात्र प्रयोगशाळेतून पक्की करून घ्या.

ऑक्सिजन, उन्हाळा आणि करंट

गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, कोमट पाण्यात कमी. समुद्रसपाटीला २० अंशांवर लिटरला ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांवर ८.३ आणि ३० अंशांवर ७.६. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळं यातून आणखी साधारण आठ टक्के वजा करा. उन्हाळ्यात एकीकडे पाणी तापून ऑक्सिजन घटतो आणि दुसरीकडे माशांची ऑक्सिजनची गरज वाढते, कारण उबेत त्यांचं शरीर जास्त वेगानं चालतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारचा वळीव येतो, वारा सुटतो आणि करंट जातो. टँकमध्ये मासे गच्च भरलेले असतील तर एअर पंप थांबल्यावर तास-दोन तासांतच मासे वर येऊ लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावाच. तो नसेल तर मगनं टँकमधलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत टँकमध्ये ओतत राहा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर करंट आल्यावर त्यातलं साचलेलं पाणी फेकून द्या, मगच तो सुरू करा, कारण आत ऑक्सिजन संपून जिवाणू मरायला लागलेले असतात.

थंडीत उलट अडचण. डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटे पारा १२-१४ अंशांपर्यंत उतरतो. गोल्डफिशला ते चालतं. एंजल, गप्पी, फायटर यांना २४ ते २८ अंश लागतात, म्हणून लिटरमागे साधारण एक वॅट या हिशेबानं हीटर घ्यावा. तापमान एकदम खाली-वर झालं की अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येणारा रोग लगेच उपटतो.

गणपतीच्या आधी घराला रंग काढायची आपल्याकडं पद्धत आहे. त्या दिवसांत एक लक्षात ठेवा: एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रंगाचा वास, डासांचा स्प्रे, धुपाचा धूर, सगळं त्या नळीतून पाण्यात जातं. रंगकाम असेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी टाकावी.

मोजायचं कसं

कागदी पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. दमट हवेत त्या लवकर खराब होतात आणि पावसाळ्यात बेळगावची हवा कशी असते ते सांगायला नको. थेंबांचं किट थोडं महाग पडतं, पण पुष्कळ दिवस पुरतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच एवढ्या पाच चाचण्या पुरेत.

काचेची नळी टँकच्याच पाण्यानं दोनदा खळबळून घ्या. रेषेपर्यंत पाणी भरा. थेंब मोजताना बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटच्या चाचणीत दुसऱ्या बाटलीतलं द्रव्य तळाशी बसतं, म्हणून ती चांगली अर्धा मिनिट जोरात हलवायची, आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवायची. हे केलं नाही तर नायट्रेट भरपूर असूनही नळी पिवळीच राहते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. रंग बघायचा तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदासमोर धरून. पिवळ्या बल्बखाली हिरवा आणि पिवळा यांतला फरक कळत नाही.

चाचणीची वेळ शक्यतो एकच ठेवा. झाडं लावलेल्या टँकमध्ये दिवसा झाडं कार्बन डायऑक्साइड शोषतात, रात्री सगळेच तो सोडतात, त्यामुळं पीएच पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळच्या सुमाराला सर्वांत जास्त असतो. सोमवारी सकाळी मोजलेला आणि गुरुवारी संध्याकाळी मोजलेला पीएच एकमेकांशी ताडून काही अर्थ निघत नाही.

घरात आरओ बसवल्यापासून पुष्कळांकडं टीडीएस मीटर आला आहे आणि तो टँकमध्ये बुडवून "टीडीएस बरोबर आहे" असं समाधान मानलं जातं. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यातलं विष किती आणि चुना किती हे त्याला कळत नाही. पण आपल्या तीन पाण्यांच्या घरात त्याचा एक नामी उपयोग आहे. नुसत्या नळाच्या पाण्याचा टीडीएस एकदा लिहून ठेवा, नुसत्या बोअरचा एकदा. मग पाणी बदलायच्या दिवशी गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोजलं की त्यात आज नळाचं जास्त आहे की बोअरचं, हे चटकन कळतं. आरओचं शुद्ध पाणी नुसतं टँकमध्ये घालू नका, त्यात केएच जवळपास नसतोच. आणि आरओच्या बाहेर सोडलेल्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात, तेही माशांना नको.

आकडे वहीत लिहा. तारीख, पाणी कुठलं, तापमान, पीएच, केएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, आणि त्या दिवशी काय केलं. महिनाभरात केएच ४ वरून २ वर आणि नायट्रेट १५ वरून ३५ वर गेलेलं दिसलं, तर पीएच अजून ७.४ असला तरी तो टिकणार नाही, हे वहीच सांगते. अशा वेळी आठवड्याला बदलायचं पाणी थोडं वाढवायचं. पावसाळा सुरू झाला की आडाचं पाणी पातळ होतं, उन्हाळ्याच्या शेवटी ते दाटतं. ऋतू बदलताना टँकआधी आड आणि बोअर मोजावी.

बाकी नेमाचं काम थोडंच आहे. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, तेही टँकच्या तापमानाचं. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या, नळाखाली धुऊ नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घाला. अमोनिया किंवा नायट्राइट एकदम वाढलेलं दिसलं आणि पीएच नेहमीचाच असेल, तर तिसरा हिस्सा पाणी बदला, खाद्य दोन दिवस बंद ठेवा आणि रोज मोजा. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून आणा. जिवाणू वाढायचे आठवडे वाचवणारा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

नवे मासे आणतानाही हीच अमोनिया-पीएचची जोडी कामाला येते. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पिशवीत आलेले मासे बारा-चौदा तास बंद पाण्यात असतात. त्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो, पण त्यांच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळं पीएच खाली आलेला असतो, म्हणून ते तग धरतात. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडू लागतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया मोकळा होऊन विषारी बनतो. म्हणून लांबून आलेली पिशवी आधी बंदच टँकमध्ये वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग उघडून मासे लगेच जाळीनं उचलून टँकमध्ये सोडा. उघड्या पिशवीत थेंब थेंब पाणी घालत तास-दोन तास घालवू नका. पाठवणाऱ्याला त्याच्याकडच्या पाण्याचा पीएच आणि टीडीएस आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा, आणि आपल्या पाण्याशी फारच फरक असेल तर मासे मागवूच नका. गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशांच्या पिशवीत अमोनिया एवढा साठलेला नसतो. तिथं थोडं थोडं टँकचं पाणी घालून हळूहळू सवय लावलेली बरी. पिशवीतलं पाणी मात्र दोन्ही वेळा बाहेर ओतायचं, टँकमध्ये नाही.